आभाळराव जेवतो कव्हा?

ज्याला काहीच अशक्य नाही अशा माणसाची गोष्ट सोळा पानं लिहून दाखवा, आणि मग माझ्याशी बोला. मी हे काम सतराएक वर्षं केलं. त्यात चांगली म्हणावी अशी गोष्ट एकच निघाली आणि ती छापली नाही. दिवाळी अंकवाल्यांनी कळवलंय की तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. गमती होत्या, नाही असं नाही. सांगतो. पण शेवटपर्यंत गमतीच निघतील अशी आशा धरू नका. आशा विकायचंच काम केलं मी, माझ्याकडं आता शिल्लक नाही.

जालन्यात कुंडलिका नदीच्या जवळ शेठजींचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बियाण्यांच्या पिशव्यांवरची लेबलं ही तिथली खरी कमाई. लग्नसराई संपली की यंत्र रिकामं पडायचं, आणि रिकामं यंत्र बघितलं की शेठजींच्या पोटात दुखायचं. म्हणून त्या दिवसांत ते जत्रेत आणि आठवडी बाजारात विकायला बारकी पुस्तकं काढायचे. मी ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला तिथं मुद्रितं तपासायला लागलो. डी.एड. झालो होतो, शाळा काही मिळाली नाही, त्यामुळं सगळे मला मास्तर म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

एक दिवस शेठजींनी मला बोलावलं. म्हणाले, “मास्तर, एक असा माणूस लिहा की जो कधी हारतच नाही. बिलकुल नाही.”

मी म्हणालो, “शेठजी, थोडा तरी हारायला पाहिजे. मग जिंकण्यात मजा.”

“हारलेला माणूस बघायला कोण पैसे देतं? तो तर घरोघरी फुकट दिसतो. आणि शेवटच्या पानावर आशा पाहिजे. वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे.”

 मी एक भारदस्त, संस्कृत नाव काढलं. शेठजी म्हणाले, जोडाक्षरांचे शिशाचे खिळे झिजलेत, साधं नाव द्या. म्हणून तो आभाळराव झाला. आभाळातून पडलेला, आईबाप नसलेला. आईबाप दिले असते तर कधीतरी त्यांच्या जिवाला धोका दाखवावा लागला असता, आणि म्हातारी माणसं रडलेली शेठजींना चालत नसत. शेवटच्या पानावर तो प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचा, “घाबरू नका, मी आहे.” ते वाक्य मी पहिल्या पुस्तकात घाईत लिहिलं होतं. पुढं ते पाठ सोडायला तयार होईना.

सोळा पानं का, तर एका मोठ्या कागदाला दोन्हीकडून छापून घड्या घातल्या की सोळा पानं होतात. गोष्ट पंधरा पानांत संपली तरी सोळा करायची, आणि अठरा पानांची झाली तर दोन पानांची माणसं मारायची. चित्रांचं त्याहून वाईट. चित्र काढून औरंगाबादला पाठवायचं, तिथून जस्ताचा ठोकळा बनून यायचा, आणि ठोकळ्याचा खर्च शेठजींच्या जिवावर यायचा. म्हणून आभाळरावाचे पाचच ठोकळे होते. उडताना, ट्रक उचलताना, चोराची मानगूट धरताना, हात वर करून उभा, आणि मुखपृष्ठावरचा चेहरा. नवी गोष्ट या पाचांत बसवायची. त्यामुळं आमच्या प्रत्येक गोष्टीत एक ट्रक असायचा. राजाराणीच्या गोष्टीतसुद्धा मी ट्रक घातलेला आहे. कुणी विचारलं नाही.

चित्रं काढायचा नामदेव पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फाळक्यांवरची फुलं ही त्याची खासियत. मूळचा हसनाबादचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. बापानं शेती धरली, यानं ब्रश धरला. देवांचे चेहरे त्याला पाठ होते, पण देव नसलेला बलवान माणूस कसा काढायचा हे त्याला सुचेना. मग त्यानं आपला भाचा आणून उभा केला. किसन त्याचं नाव. नामदेवच्या बहिणीचा, गयाबाईचा एकुलता एक. लोखंडाच्या सळ्या बनवणाऱ्या मिलमध्ये कामाला लागला होता आणि मामाकडं राहत होता. दसऱ्याला यंत्राच्या पूजेला वापरायचं लाल कापड आम्ही त्याच्या खांद्यावर बांधलं आणि त्याला कागदाच्या गठ्ठ्यांवर चढवलं.

“छाती काढ. तोंड गंभीर कर,” नामदेव म्हणाला.

“मामा, हासू येऊन राह्यलंय.”

“दात मिट आधी.”

“मिटतो की. तुमी तिकडं बघा बरं.”

दात काही मिटले नाहीत. शेवटी नामदेवनं कंटाळून त्याला हसताच काढला. म्हणून आभाळराव पाचही ठोकळ्यांत हसतो. चोराची मानगूट धरतानाही हसतो. लोक म्हणायचे, काय दिलदार हिरो आहे. आता तुम्हाला कळलं की तो गठ्ठ्यांवरून पडायच्या भीतीनं आणि लाजेनं हसत होता.

आता या धंद्यातली मुख्य अडचण सांगतो, घोडं इथंच पेंड खातं. चोर दुसऱ्या पानावर येतो. आभाळरावाला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, डोळ्याचं पातं लवतंय तोवर तो कुठंही पोचतो. म्हणजे तिसऱ्या पानावर गोष्ट खलास. उरलेल्या पानांत काय भाकऱ्या थापायच्या? म्हणून माझं सगळं कसब त्याला अडवून धरण्यात खर्ची पडलं. कधी तो डोंगरावर ध्यानाला बसलेला असायचा, कधी सातासमुद्रापार गेलेला, कधी त्यानं मौन धरलेलं, कधी नुसताच झोपलेला. गाव जळत असायचं, पोरंबाळं ओरडत असायची आणि आमचा सर्वशक्तिमान गडी पंधराव्या पानापर्यंत घोरत असायचा. हे लिहिताना मलाच त्याचा राग यायचा.

मी त्याला काहीतरी उणेपण द्यायचा प्रयत्न केला. मिठाचा खडा अंगाला लागला की याची ताकद जाते, असं लिहिलं आणि नामदेवला वाचून दाखवलं. माझी ही पद्धत होती. आमच्याकडं गोष्ट सांगणाऱ्यापुढं एकानं हुंकारा द्यायचा असतो, हूं, हूं म्हणत राहायचं. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानं समजायचं, ऐकणारा झोपला, नाहीतर गोष्ट मेली. नामदेव पाटी रंगवत बसायचा आणि हूं म्हणायचा, मी वाचायचो. त्याचा हूं जिथं थांबेल तिथं मी कागदावर फुली मारायचो. मिठाच्या खड्याला त्याचा हूं थांबला.

“मास्तर, मंग चोर खिशात मीठ घेऊनच फिरंल की. आन् ह्यो किराणा दुकानापुढून गेला तरी संपला.”

मग मी अमावास्येला त्याची ताकद जाते असं केलं. नामदेव म्हणाला, “लोकं त्या दिवशी दाराला कडी लावून बसतील. महिन्यातून एक दिवस काय अवघड हाय?” मी हात टेकले. शेठजींना तर आनंदच झाला. म्हणाले, मी सांगितलंच होतं, आपला माणूस पक्का.

पुस्तकं विकायला कधीकधी मीही जायचो. एकदा ऊसतोड चालू असताना अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर पिशवी घेऊन गेलो. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढं पुस्तकं मांडली. एक बाई आली, डोक्यावर चुंबळ तशीच. ट्रक उचललेलं चित्र तिनं बराच वेळ बघितलं.

“ह्यो कोन्या मुकादमाचा गडी?”

मी म्हणालो, कुणाचाच नाही.

“मंग आमच्याकडं लावून द्या की. मालक आजारी हाय, गाडी भरू लागाया कुनी न्हाई.”

“बाई, हा पुस्तकातला आहे.”

“व्हय, पुस्तकातच आसनार,” ती म्हणाली, आणि पोरासाठी एक घेतलं. हसली नाही. मीही हसलो नाही.

दुसरा अनुभव अंतरवाली सराटीचा. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि मी अकलेचा कांदा, आभाळराव ढग ओढून आणतो अशी गोष्ट लिहून बसलो होतो. चौकातल्या चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं ती नातवाकडून ऐकली आणि मला हाक मारली.

“मास्तर, ह्यो आमच्या शिवारावरून गेला न्हाई का?”

“आजोबा, ती गोष्ट आहे.”

“गोष्ट हाय ते ठावं हाय मला. पर ह्यानं शेवटाला पाऊस आणला ना? मंग जनावरं मेल्यावर का आणला? पयल्या पानावर का न्हाई?”

मी चहा तसाच ठेवून उठलो. पहिल्या पानावर आणला तर पुढची पानं कोरी राहतात, हे त्याला काय सांगणार? असले प्रश्न लोक देवळात विचारत नाहीत, मला मात्र विचारायचे. बहुतेक माझ्याकडून उत्तर मिळेल असं त्यांना वाटत असावं.

तरी पुस्तकं खपत होती, इतकी की लग्नसराईतही महिन्याला एक निघायला लागलं. राजूरच्या जत्रेत तर गठ्ठेच्या गठ्ठे जायचे. किसन जत्रेत गेला की पोरं त्याच्याकडं बोट दाखवायची. तो लाजायचा आणि त्यांना रेवड्या घेऊन द्यायचा. मिलमध्ये त्याला सगळे आभाळराव म्हणूनच हाक मारायचे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. दुपारची वेळ होती, यंत्रावर नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चढलेलं होतं. मिलमधला एक माणूस सायकलवर आला आणि दारातच उभा राहिला. तापून लाल झालेली सळई यंत्राच्या रुळांतून सुटली होती आणि सापासारखी उसळून किसनच्या अंगावर आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्यात काही राहिलं नव्हतं. नामदेव माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं ब्रश पाण्यात धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि मग उठला. यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नाही. हसऱ्या चेहऱ्याचे कागद एकावर एक पडत होते. शेवटी मीच जाऊन पट्टा काढला.

तेरावा झाल्यावर नामदेव कामावर आला. मी शेठजींना आधीच सांगून ठेवलं होतं की आभाळराव बंद करू, निदान चेहरा तरी बदलू. ते कधी नव्हे ते हो म्हणाले होते. पण नामदेवच म्हणाला, “चेहरा बदलू नका मास्तर. माझ्या बहिणीकडं त्याचा फोटो न्हाई. मिलच्या पासवर होता तेवढाच, त्यो त्याच्या खिशातच गेला.”

मग मला एक खूळ सुचलं. त्या मिलची गोष्ट लिहायची. लाल सळई सुटते, आणि आभाळराव वरून येऊन ती हातात धरतो. माणूस वाचतो. नामदेवला बरं वाटेल असं मला खरंच वाटलं होतं. मी वाचायला लागलो. तो हूं म्हणत होता. सळई सुटली, हूं. लोक ओरडले, हूं. आभाळराव आला, आणि हुंकारा थांबला.

तो म्हणाला, “आला आसता तर आला आसता ना मास्तर.”

मी ते फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, त्यात तो पोचतो पण उशिरा. नामदेवनं तेही ऐकलं आणि म्हणाला, “मंग त्याला एवढी ताकद कशाला दिली तुमी?” मी तेही फाडलं. आला म्हणावं तर खोटं, आला नाही म्हणावं तर तो कसला आभाळराव. पोथ्या वाचणाऱ्या मोठमोठ्या लोकांना हे सुटलेलं नाही, मला सोळा पानांत कुठून सुटणार? पुढं मी गोष्टीत मिल आणली नाही. दरोडेखोर, राक्षस, धूमकेतू असलं दूरदूरचं लिहीत राहिलो. धूमकेतूच्या गोष्टीतही ट्रक होता.

वर्षश्राद्धाला नामदेव मला हसनाबादला घेऊन गेला. गयाबाईला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, किसनचाच जबडा. भिंतीतल्या देवळीत देवांच्या शेजारी आमची पुस्तकं रचलेली होती. तिला वाचता येत नव्हतं. नामदेव दर महिन्याला नवं पुस्तक घेऊन जायचा आणि तिला वाचून दाखवायचा, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवशीही जेवणं उरकल्यावर तो वाचायला बसला. ती ज्वारी निवडत होती. “आभाळराव ढगांतून खाली झेपावला,” हूं. “त्यानं दरोडेखोराला गरगर फिरवलं,” हूं. इतका मन लावून दिलेला हुंकारा मी आयुष्यात ऐकला नाही. मी लिहिलेलं ते सगळं रद्दड होतं, हे तिथं बसून ऐकताना मला नीट समजत होतं. तिचा हूं मात्र एकदाही चुकला नाही.

संपल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं.

“तुमीच लिव्हता का हे?”

“हो मावशी.”

“लई हिंडवता त्याला. लोकाइचं समदं करतो ह्यो. जेवतो कव्हा?”

मी हसून म्हणालो, “त्याला भूक लागत नाही, मावशी.”

“आसं कसं? एवढं आंग मोडून काम करणाऱ्याला भूक लागत न्हाई?” ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. जाताना विचारलं, “दुसरं कव्हा येणार?”

त्यानंतर सात-आठ वर्षं मी एका बाईसाठी लिहिलं. शेठजींना हे कळलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. बाकीचे वाचणारे टीव्हीपुढं जाऊन बसले होते. पोरं म्हणायची, ह्या पुस्तकातला उडत न्हाई, नुसता चिकटून बसलाय. खरंच होतं, ठोकळा झिजून झिजून आभाळरावाचं लाल कापड आणि आभाळ एक झालं होतं. पण दात दिसत होते. नामदेवच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, तरी तो दर महिन्याला एसटीनं हसनाबादला जायचा आणि आला की मला एवढंच सांगायचा, “ऐकलं तिनं.” मी पुढचं लिहायला घ्यायचो.

मग शेठजींच्या मुलानं नवं ऑफसेट मशीन घ्यायचं ठरवलं. खिळे, ठोकळे, जुनं यंत्र सगळं भंगारात जाणार होतं. शेठजींनी मला बोलावलं. थकले होते तेही.

“मास्तर, शेवटचं एक पुस्तक काढू. मारून टाका त्याला.”

“कुणाला?”

“आभाळरावाला. जिवंत खपत नाही, मेला की खपेल. मेल्याबरोबर सगळ्यांना माणसाची किंमत कळते.”

आता खरं सांगतो. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला आनंद झाला. इतकी वर्षं हारू नको, मरू नको, रडू नको म्हणून ज्या शेठजींनी माझे हात बांधले होते, त्यांनीच गाठ सोडली होती. दोन दिवसांत गोष्ट लिहून झाली. एकाच वेळी दोन ठिकाणी आग लागते. एकीकडं सगळं गाव, दुसरीकडं शिवारातलं एकटं घर. आभाळराव गावाकडं जातो, गाव वाचवतो, आणि घराकडं येतो तेव्हा राख झालेली असते. त्या राखेत तो बसतो आणि परत उठत नाही. या वेळी त्याला अडवून धरायला मला काही करावं लागलं नाही. तो आपल्या पायानं उशिरा पोचला. मी नामदेवला वाचून दाखवली. त्याचा हूं शेवटच्या शब्दापर्यंत आला. सतरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

मी विचारलं, “कशी आहे?”

“लई भारी हाय,” नामदेव म्हणाला. त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, “पर हे माझ्या बहिणीला कोन वाचून दाखवणार? तिला एकदा सांगून आलोय म्या तिचा पोरगा गेला म्हणून. पुन्हा न्हाई जमायचं.”

ते कागद मी शेठजींना दिले नाहीत. नको म्हणालो. शेठजी चिडले, म्हणाले, मग काय लिहायचं ते लिहा, पण लवकर लिहा, भंगारवाला येऊन राह्यलाय.

तेव्हा मला गयाबाईचा प्रश्न आठवला. जेवतो कव्हा? वाटलं, बास, हेच. ना चोर, ना आग, ना ट्रक. आभाळराव एका गावाच्या कडेला उतरतो. दारात एक म्हातारी बसलेली असते. ती म्हणते, जेवून जा. तो म्हणतो, लोक वाट बघतायत. ती म्हणते, बघू दे. तो पाय धुतो, बसतो, आणि पोटभर जेवतो. संपली गोष्ट. शेठजींनी वाचली आणि माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. पण कागद शिल्लक होता, म्हणाले, छापा. नामदेवनं त्याही डोळ्यांनी नवं चित्र काढलं, मांडी घालून ताटावर बसलेला आभाळराव. सहावा ठोकळा. त्यात पहिल्यांदाच त्याचं तोंड मिटलेलं होतं, कारण तोंडात घास होता. त्या पुस्तकाच्या प्रती किती गेल्या ते मला ठाऊक नाही. बाजारात बहुतेकांनी चाळून परत ठेवलं.

ते मी स्वतः हसनाबादला नेलं. नामदेव बरोबर होता, पण त्याला आता अक्षर लागत नव्हतं, त्यामुळं वाचायला मी बसलो. गयाबाई आता वाकली होती. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “वाचा.”

“आभाळराव त्या दिवशी फार दमला होता.”

“हूं.”

“त्याला खाली एक घर दिसलं. चुलीचा धूर दिसला.”

“हूं.” हा जरा पुढं सरकून दिलेला होता.

“म्हातारी म्हणाली, आधी पाय धू. त्यानं रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले.”

“हूं.”

 लिहिलेलं बरोबर जागी पोचतंय हे मला आयुष्यात पहिल्यांदा समोर दिसत होतं. नामदेव धोतराच्या सोग्यानं नाक पुसत होता. मी पुढं वाचलं, “म्हातारीनं ताटात गरम भाकरी वाढली, आणि भरल्या वांग्याची भाजी. आभाळराव म्हणाला, वा, किती दिवसांनी.”

हुंकारा आला नाही.

मला वाटलं ती रडतेय. थोडा थांबलो आणि वर बघितलं. ती रडत नव्हती. ती चित्राकडं बघत होती. नामदेवला माझ्याआधी कळलं, त्याचा चेहरा उतरला.

“वांग्यानं किसनच्या आंगावर गांधी उठायच्या,” ती म्हणाली. “ल्हानपणापासून. ह्या घरात वांगं शिजत न्हाई.”

 आमच्या भागात जेवण म्हटलं की हाताला पहिलं वांगंच येतं, तसं ते आलं होतं. नामदेव मामा होता, चित्र काढून बसला, पण त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. मीठ झालं, अमावास्या झाली, काय काय शोधलं मी त्या माणसाला दुबळं करायला, आणि त्याचं खरं उणेपण इथं, या चुलीपाशी, आधीपासून माहीत होतं.

“मंग ह्यो दुसराच कुनीतरी हाय,” गयाबाई म्हणाली. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, बोटानं चित्रावरून एकदा फिरवलं, आणि मिटून मला परत दिलं.

“मावशी, चुकलं माझं. वांगं काढून टाकतो. सांगा, त्याला काय आवडायचं? तेच लिहितो.” खिळे, ठोकळे, यंत्र सगळं भंगारात गेलं होतं, कुठं आणि कशावर छापणार होतो कुणास ठाऊक. तरी मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला राग आला नव्हता, तो आला असता तर बरं झालं असतं.

“कशाला?” ती म्हणाली. “त्यो येणार हाय का जेवाया?”

इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तो उडत होता, ट्रक उचलत होता, धूमकेतू अडवत होता, तोवर, तिच्या किसनला उडताना कुणी पाहिलेलं नसल्यामुळं तो किसनच आहे हे तिला मानता येत होतं. मी त्याला माणसासारखा ताटावर बसवला, आणि तिला दिसलं की हा आपला नाही. माझ्या सगळ्या वाईट गोष्टींनी जे जपलं होतं ते मी एका बऱ्या गोष्टीनं घालवलं. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा झाला, आम्ही प्यालो, शेताची, नामदेवच्या डोळ्यांची चौकशी झाली. देवळीतली पुस्तकं तशीच होती, पण ती दुसरं कव्हा येणार असं म्हणाली नाही.

परतीच्या एसटीत नामदेवनं जालना जवळ येऊ दिलं. मग म्हणाला, “उडू द्यायचं होतं मास्तर त्याला.” मी हूं म्हणालो.

ते पुस्तक माझ्या मांडीवर होतं. वाचायची थोडी पानं राहिली होती. त्यात विशेष काही नव्हतं. तो जेवून उठतो, हात धुतो, म्हातारीच्या पाया पडतो, आणि शेवटच्या पानावर म्हणतो, घाबरू नका, मी आहे.